फाटकाच्या खांबावरचं संत्रं

१७ जानेवारी, संत अंतोनचा दिवस

ही वही फादर ल्यूबेन यांनी माझ्या गळ्यात मारली आहे. नाताळाआधी पापं सांगायला गेले होते. नेहमीची सांगितली: रागावले, उपासात चोरून दूध प्याले, शेजारच्या पेनाच्या कोंबडीला दगड मारला. फादर म्हणाले, "दोना आजी, हे कोंबडीचं झालं. जिभेचं काय?"

मी म्हटलं, "जीभ शाबूत आहे फादर, दातच गेलेत."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दिवसभरात जे बोलता त्यातलं थोडं लिहून ठेवत जा. ईस्टरपर्यंत. आपलं बोलणं कागदावरून ऐकलं की दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखं वाटतं."

"मला अक्षर येत नाही. शाळेच्या वयात मी बकऱ्यांमागे होते. बकऱ्या विकल्या तोवर माझं लग्न झालं होतं."

"सुनेला येतं ना?"

म्हणून मी बोलते आणि नेवेना लिहिते. मुलगा ट्रक घेऊन जर्मनीकडे गेला की घरात आम्ही दोघीच, आणि शारो कुत्रा. नेवेना मुकाट्यानं लिहिते, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पोस्टात कामाला होती, लोकांची पाकिटं न उघडता इकडून तिकडे करायची सवय आहे तिला.

लिहिलंस हे? लिहिलं म्हणते. बरं, राहू दे.

आजची बातमी म्हणजे स्तोयनाची मुलगी कालिना इटलीहून परत आली. तिथं परक्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती. गेली तेव्हा वेणी काळी होती, आली ती पांढरी घेऊन. आई मधल्या मधे वारली, मातीलाही पोचली नाही ती. आता कायमची आले म्हणते.

आम्ही बायका चर्चच्या स्वयंपाकघरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी सूप करतो. (मीही म्हातारीच, पण मला सून आहे, म्हणून मी ढवळणाऱ्यांत.) गावातले डबे पायी पोचतात. रडगाणं असतं ते वरच्या वस्तीचं. तिथं यागोदा राहते, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, आणि तिच्यासारखी आणखी दोन-तीन घरं. चिखल झाला की वर कुणी जायला तयार नसतं. आज अंतोनच्या दिवशी घेवडा शिजवला तर अंगावर फोड येतात, म्हणून बटाट्याचं सूप केलं होतं. डबे भरून ठेवले आणि सगळ्या एकमेकींची तोंडं बघत बसल्या. कालिना कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "माझ्याकडे गाडी आहे. मी नेते."

एवढंच बोलली. इटलीत शब्दांवर कर लावतात की काय कोण जाणे.


२९ जानेवारी

कालिना वर जाते ती दुपार कलली की परत येते. डबे द्यायला इतका वेळ? पेना म्हणते, "वर कुणी म्हातारा गाठलाय वाटतं तिनं." मी म्हटलं, "वरच्या म्हाताऱ्यांना गाठायला जायचं तर फावडं घेऊन जावं लागेल." पेना हसून हसून भट्टीला टेकली आणि तिचा ॲप्रन करपला.

डबे मात्र घासून, पुसून, कोरडे होऊन येतात. आपल्या बायका नुसते विसळून आणतात.

फादरांच्या डोक्यात नवीन खूळ आहे. गावची शाळा पोरांअभावी बंद पडली, तिथं म्हाताऱ्यांसाठी घर करायचं. खाटा, शेगडी, गरम पाणी. वरच्या वस्तीतल्यांना हिवाळ्यापुरतं खाली आणायचं. मोठ्या धर्मगुरूंनी होकार दिलाय, पण एका अटीवर: काम जाणणारं कुणीतरी कायम तिथं हवं. फादर म्हणाले, "कालिना राहिली तर होईल. नाही राहिली तर नाही."

मी म्हटलं, "मग माझी खाट खिडकीपाशी ठेवा. रस्त्यावर कोण कुणाबरोबर जातंय ते दिसलं पाहिजे."

गमतीत म्हटलं. पण खरंच मला तिथली खिडकी आवडते.


१४ फेब्रुवारी, त्रिफोनचा दिवस

आज द्राक्षवेली छाटल्या. पुरुषांनी सकाळपासून वेलींना वाइन पाजली आणि वेलींपेक्षा स्वतःला जास्त. दुपारी सगळे चर्चच्या दालनात. कोबी, सॉसेज, गरम पाव. मलाही दोन पेले मिळाले.

पेना कालिनाला म्हणाली, "बाई ग, आमच्या सासूलाही जरा तू भरवून बघ. माझ्या हातचं खात नाही."

मी लगेच म्हटलं, "फुकट कशी भरवेल? हिचा चमचा युरोवर चालतो! स्तोयनाकडे आपले साधे लेव्हा होते, म्हणून तिच्या तोंडापर्यंत चमचा पोचलाच नाही."

काय हसले सगळे! म्हणजे पेना हसली, आणि पेना हसली की बाकीच्यांना हसावंच लागतं. सरपंच तर टेबलावर मूठ आपटत होते. या वयात इतक्या लोकांना एका वाक्यात हसवणं सोपं नाही.

कालिना डबे पुसत होती. हातातला डबा खाली ठेवला, फडक्याची घडी घातली, ती डब्यावर ठेवली आणि कोट घालून गेली. मी हाक मारली, "अगं, वाइन तरी घे!" ऐकू आलं नसावं.

नेवेना म्हणते, "आई, हे नको लिहायला." मी म्हटलं, फादरांनी लिहायला सांगितलंय, लिही. चांगलं वाक्य आहे, वाया कशाला घालवायचं.


२१ फेब्रुवारी

कालिना स्वयंपाकघरात आली नाही. आधी म्हणे सर्दी. मग म्हणे गाडी बिघडली. आज फादर स्वतः डबे घेऊन वर गेले आणि ओढ्यापाशी चिखलात रुतले. ट्रॅक्टरनं ओढून काढलं. झग्याला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सूप गाडीच्या गादीनं प्यालं.

तसेच आमच्याकडे आले. नेवेनानं गरम चहा दिला. मला विचारलं, "आजी, त्रिफोनच्या दिवशी कालिनाला काय बोललात?"

"गंमत केली."

"कुणाची?"

हा काय प्रश्न झाला? गंमत ही गंमत असते, ती काय कुणाच्या नावावर चढवायची असते का? असं मी म्हटलं. फादरांनी चहा संपवला. जाताना म्हणाले, "ती मिलानच्या जुन्या घरमालकिणीशी फोनवर बोलत होती. परत जायचं म्हणते."

मी म्हटलं, "कुठं जात नाही. क्षमेचा रविवार येतोय. सगळं मिटेल."

आणि मिटेलच. मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या रविवारी लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं, हातात संत्रं किंवा लिंबू ठेवायचं आणि म्हणायचं, "मला माफ कर." मोठ्यानं म्हणायचं, "तुला माफ आहे, देवही माफ करो." असं सगळं गाव एका संध्याकाळीत धुऊन निघतं. माझ्याहून वयानं मोठं आता गावात कोण उरलंय? पेनाची सासू, ती अंथरुणात; आणि यागोदा, ती वर. तेव्हा कालिना येईल. ती आली की मी मन मोठं करीन. काही काढणार नाही मागचं.

नेवेना विचारते, "पण आई, तिनं कशाची माफी मागायची?"

अगं, मागायची असते. लहान आहे ना ती.


६ मार्च, क्षमेचा रविवार

पहाटेपासून चुलीपाशी. चीज घालून थराथराची बानित्सा, उकडलेली अंडी, आणि पांढरा हलवा दोऱ्याला बांधून तुळईला टांगला. हात न लावता तोंडानं पकडायचा तो. पेनाची नातवंडं उड्या मारमारून दमली, शेवटी पेनाच्या जावयानं झेप घातली आणि हलव्याऐवजी दोराच चावला.

माणसं येत होती. भाचे, पुतणे, शेजारी, सरपंच बायकोसह. सगळ्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. टोपलीभर संत्री जमली. मी सगळ्यांना माफ केलं. सरपंचांना जरा थांबवून केलं, रस्त्याच्या दिव्यांबद्दल.

शेगडीनं खोली इतकी तापली की खिडकी उघडावी लागली. पेना म्हणाली, "दोना, ते चमच्याचं सांग की! आमच्या जावयानं ऐकलं नाही."

मी म्हटलं, आज नको, क्षमेचा दिवस आहे. मग सरपंचही म्हणाले, "सांगा हो आजी." इतक्या जणांचा आग्रह कोण मोडणार? मी लाकडी चमचा हातात घेऊन उभी राहिले, कालिनासारखी मान खाली घालून चालून दाखवलं, आणि सांगितलं. जावई खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

तेवढ्यात शारो फाटकापाशी एकदा भुंकला आणि गप्प झाला. ओळखीचं माणूस असलं की तो असंच करतो. मी दाराकडे बघत राहिले, पण आत कुणी आलं नाही. नेवेना बघून आली. म्हणाली, "कुणी नाही."

पाहुणे गेले. मी शाल पांघरून दारापाशीच बसले होते. बानित्साचा एक तुकडा ताटाखाली झाकून ठेवला होता, कडेचा, कुरकुरीत.

कालिना आली नाही. लिही: आली नाही.

भांडी झाल्यावर नेवेनानं माझा हात हातात घेतला. दर वर्षी ती शेवटी येते. म्हणाली, "आई, मला माफ करा."

"तुला माफ आहे, देवही माफ करो. तुझं काय चुकलं ग?"

"आहे एक," म्हणाली. सांगितलं मात्र नाही. या पोस्टातल्या बायका.


७ मार्च

उपास लागला. घरातलं दूध-चीज कालच संपवलं. राहिलं ते शारोला.

सकाळी फाटकाच्या खांबावर एक संत्रं होतं. देठाला हिरवं पान असलेलं, बाजारातल्यासारखं नाही. पेनाच्या नातवंडांचं काम. संत्री काय खांबावर ठेवायची असतात? उचलून खिडकीत ठेवलं.


२० मार्च

काल कालिना गेली. शनिवारच्या बसनं, मिलानला. फादरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं. शाळेची किल्ली त्यांनी कमरेची काढून फळीवर ठेवली. मोठ्या धर्मगुरूंना कळवलंय की या वर्षी जमणार नाही. यागोदाचा पुढचा हिवाळाही वरच जाणार.

मी घरी येऊन म्हटलं, जाणारच होती ती, युरोची चटक एकदा लागली की…

आणि नेवेनानं पेन खाली ठेवलं.

तिनं पुढं जे सांगितलं ते तिला मी पुन्हा लिहायला लावते आहे, तिच्याच शब्दांत.

"आई, त्या संध्याकाळी फाटकापाशी ती होती. मी गेले तेव्हा ती वळली होती, पाठ दिसली. संत्रं खांबावर ठेवलं होतं. खिडकी उघडी होती, आई. तुम्ही चमचा घेऊन उभ्या होतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही हसत होता."

"म्हणून तू माफी मागितलीस?"

"म्हणून."

मी बराच वेळ चुलीत लाकडं सारत बसले. चूल पेटलेलीच होती. मग म्हटलं, "त्रिफोनच्या दिवसाचं वाच."

नेवेना पोस्टात लोकांच्या तारा वाचून दाखवायची, तोच आवाज. कुठं चढ नाही, उतार नाही. "हिचा चमचा युरोवर चालतो. स्तोयनाकडे आपले साधे लेव्हा होते, म्हणून तिच्या तोंडापर्यंत चमचा पोचलाच नाही."

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. या खेपेला मला स्तोयना दिसली. शेवटच्या दिवसांत मीच तिच्याकडे जात होते की सूप घेऊन. चमचा तोंडाशी नेला की ती विचारायची, "कालिनाचा फोन आला का?" आला असला तर खायची. आणि ही कालिनाही दर संध्याकाळी फोन करायची. हे मला ठाऊक होतं. तरी मी ते वाक्य केलं. चांगलं जमलं म्हणून केलं.

"खोडू का?" नेवेनानं विचारलं.

नको. असू दे तिथंच.


२५ मार्च, देवदूताच्या निरोपाचा सण

आज उपासात मासे चालतात. फादर गाडीतून वर निघाले होते, मी म्हटलं, मी येते. म्हणाले, "आजी, तुमचे गुडघे?" मी म्हटलं, "गुडघे गाडीत बसून येतील."

यागोदाच्या दारात चढायलाच माझी निम्मी दुपार गेली. ती पलंगावर बसली होती, तोंड दाराकडे.

"कोण? न बोलणारी आली का?"

"नाही, बोलणारी आली. दोना."

"अरे देवा. मग सूप गार होणार."

खरंच गार झालं. मी कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय गाभण आहे, सगळं सांगत होते, आणि ती चमचा हातात धरून माझं संपायची वाट बघत होती. मग म्हणाली, "ती आधी सूप शेगडीवर पुन्हा गरम करायची. मग माझ्याजवळ बसायची. चमचा भांड्याच्या तळाला लागेपर्यंत बसायची. मग कढत पाणी करून माझे पाय धुवायची."

"आणि बोलायची काय?"

"काही नाही. एकदाच बोलली. पाय पुसताना म्हणाली, 'माझ्या आईचे पाय असेच होते का, मला आठवत नाही.'"

फादर बाहेर लाकडं फोडत होते. मी पाणी तापवलं. गुडघ्यांवर बसणं होईना, म्हणून दूध काढायचं ठेंगणं स्टूल ओढलं. यागोदाचे पाय म्हणजे वेलींची जुनी खोडं. धुताना मी बोलतच होते, पाणी कसं गढूळ येतं, साबण कसा महागलाय. यागोदा म्हणाली, "दोना, हात चांगले आहेत तुझे. तोंड जरा बाहेर ठेवून येत जा."


८ एप्रिल

आता शुक्रवारी मी वर जाते.

उपासात चर्चमध्ये प्रार्थना करतात की देवा, माझ्या तोंडाच्या दाराशी राखणदार बसव. आयुष्यभर ऐकत आले. माझा राखणदार आमच्या शारोसारखा निघाला, ओळखीचा शब्द दिसला की शेपूट हलवून सोडून देतो.

आज ठरवून गप्प बसले. एक अख्खं सूप. यागोदानं खाणं थांबवून विचारलं, "आजारी आहेस का?"

"नाही."

"मग?"

"बसलेय."

"बस," म्हणाली, आणि पुन्हा खायला लागली. गप्प बसलं की किती ऐकू येतं. शेगडीतलं लाकूड, तिचा श्वास, छपरावरची चिमणी. मध्येच मला एक मोठं मजेदार सुचलं होतं. तसंच गिळलं. घशात बराच वेळ टोचत होतं.

दुपारी स्वयंपाकघरात पेनाची बहीण आली होती, दुसऱ्या गावची. पेना म्हणाली, "दोना, हिला ते चमच्याचं सांग." मी म्हटलं, "विसरले." पेना म्हणाली, "एवढं चांगलं कसं विसरलीस?" आणि तिनंच सांगितलं. चालून दाखवलं, चमचा घेतला, सगळं. माझ्यापेक्षा छान सांगितलं. बहीण पोट धरून हसली. ती ते तिच्या गावी घेऊन जाईल.

मी म्हटलं, "पेना, ते खोटं आहे ग. ती दर संध्याकाळी आईला फोन करायची."

पेना म्हणाली, "अगं, पण तूच तर सांगितलंस!"


१७ एप्रिल, वाळुंजाच्या फांद्यांचा रविवार

ईस्टरला आठवडा राहिला. फादरांनी आशीर्वाद दिलेल्या फांद्या घरी आणल्या, देवाच्या चित्रामागे खोचल्या.

फादरांना एका बाजूला घेऊन विचारलं, "मोठ्यानं लहानाकडे माफी मागायला गेलं तर चालतं का? रीतीत बसतं का?"

म्हणाले, "आजी, देव आपल्याकडे आला तेव्हा कुणाच्याही कडेवर मावेल एवढा होता."

मला कळायला घरापर्यंत चालावं लागलं. मग परत जाऊन कालिनाचा नंबर मागितला.

मी मनात योजलंय. ईस्टरला फोन करायचा. ईस्टरचं अभिवादन कुणालाच अनुत्तरित ठेवता येत नाही. शत्रू जरी म्हणाला "ख्रिस्त उठला आहे", तरी "खरोखर उठला आहे" म्हणावंच लागतं. म्हणजे तिला फोन ठेवता येणार नाही. दार तेवढं उघडलं की मी पाय घालीन.

नेवेनाबरोबर सराव केला. मी सुरुवात केली, "कालिना, हे बघ, तुला माहीतच आहे माझा स्वभाव, तुझी आई आणि मी लहानपणापासून, आणि त्या दिवशी वाइनही जरा…"

नेवेना म्हणाली, "आई, कमी."

"किती कमी?"

"माफीपुरतं."


२४ एप्रिल, ईस्टर

चर्चमधली मेणबत्ती विझू न देता घरी आणली. तांबडी अंडी, गोड पाव, कोकराचं सूप. मुलगाही आलाय, शेगडीपाशी घोरतोय.

दुपारी नेवेनानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून इटालियनमध्ये काहीतरी आलं.

मी म्हटलं, "ख्रिस्त उठला आहे!"

पलीकडे कुणीतरी म्हातारं खोकलं. बशीवर चमच्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "खरोखर उठला आहे."

"कालिना, मी दोना. मला माफ कर."

माझ्याकडे पुढं आणखी वाक्यं होती. झोप येईना तेव्हा रचलेली, एकाहून एक. सगळी तोंडाशी आली. मी दात असल्यासारखं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि थांबले. नेवेना माझ्याकडे बघत होती.

"देव माफ करो, दोनामावशी," कालिना म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, ना गोड ना कडू. "ठेवते. यांचं जेवण गार होतंय."

नेवेनानं विचारलं, "काय म्हणाली?"

"देव माफ करो म्हणाली."

"आणि त्याआधीचं? 'तुला माफ आहे'?"

"ते म्हणाली नाही."

नेवेना म्हणाली, "घाईत असेल, आई." मी म्हटलं, "असेल." माझ्या समाधानासाठी म्हणाली ती, तिला खरं बोलायला कोण लावणार. आणि देवाच्या वाट्याचं त्यानं दिलं असलं, तरी तिच्या वाट्याचं तिच्याकडेच आहे. ते तिचं आहे. मी काही ते ओढून घेऊ शकत नाही.

मग सूप घेऊन वर गेलो. मुलाला उठवलं, त्यानं गाडी काढली. खिडकीतलं संत्रं मी पिशवीत टाकलं. वाळून लहान झालंय, साल लाकडासारखं, पान देठालाच सुकलंय. का घेतलं सांगता येत नाही. तिथं बघवत नव्हतं.

यागोदाला तांबडं अंडं दिलं, मग संत्रं. तिनं ते गालाला लावलं, नखानं जरा खरवडलं, वास घेतला. अजून येत होता म्हणे.

"हे बाजारचं नाही. कुणी आणलं ग?"

"कालिनानं. माझ्यासाठी आणलं होतं. क्षमेच्या रविवारी."

"मग खाल्लं का नाहीस वेळेवर?"

"घरात होते, पण मी घरी नव्हते," मी म्हटलं.

यागोदानं संत्रं उशाशी ठेवलं. मी सूप शेगडीवर पुन्हा गरम केलं, भांडं तिच्या हातात दिलं आणि जवळ बसले. चमचा तळाला लागेपर्यंत बसले.